स्वतःच लावून घेतलेलं दार

मरोळच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा माणूस मशीनशी घरातल्या सुनेशी बोलावं तसं बोलतो. "चल गं बाय, अपडेट घे. शहाणी ती." मशीन समोर नसतेच, क्लाउडवर भाड्याने घेतलेला लिनक्स सर्व्हर असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कंपनीच्या सगळ्या फोनचं सॉफ्टवेअर चढायचं होतं. तो सर्व्हर तयार करायचं काम या माणसाचं, आणि त्याचं कंत्राट पुढे चालू राहणार की नाही ते त्यावरच ठरणार होतं.

इतरांना तो नेहमी दटावतो, "आधी आपल्याला आत यायची वाट ठेवा रे, मग फायरवॉल लावा." त्या दुपारी तोच वाट ठेवायला विसरला. फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, चालू झाली आणि सर्व्हरने त्यालाच बाहेर ठेवलं. त्याचे कान लाल झाले.

तेवढ्यात सर्व्हर तयार झाला का विचारायला माझ्या मोबाईलवर साहेबांचा फोन आला. मी पटकन म्हटलं, "सर, क्लाउडवाल्यांकडेच प्रॉब्लेम आहे." ऑफिसात एवढं खोटं आम्ही सहज बोलतो.

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "सर, प्रॉब्लेम माझा आहे. मीच बाहेर अडकलो. नवीन मशीन पहिल्यापासून उभी करतो." मग जरा ऐकून घेऊन त्याने फोन परत दिला. "घ्या मॅडम, तुम्हाला मागतायत."

"तुम्ही मघाशी काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि माझा चेहरा त्याला दिसणार नाही असा बसून राहिला.