खवले मांजराचा फोटो मी का डिलीट केला

सकाळी इथं टाकलेला खवले मांजराचा फोटो मी दुपारी डिलीट केला. कारण सांगतो.

मी सोलापुरात कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवतो. सुट्टी म्हणून गावी आलोय. आमच्या रानात जेसीबीनं बांध फोडताना ते बाहेर आलं आणि अंगाचा गोळा करून जागीच बसलं. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, मशीन थांबवलं.

मी ऐटीत सांगितलं, "कोल्ह्याला लांडगा, कुत्रा असे भाऊबंद आहेत. याला खवले मांजरं सोडली तर जगात जवळचं कुणी नाही."

तात्या म्हणाले, "म्हंजे ही संपली की आख्खं घराणंच बुडालं की. मग गावभर सांगू नगंस."

फोटो तोवर गावाच्या नावासकट टाकून झाला होता. दुपारपर्यंत तीन अनोळखी लोकांनी विचारलं, "नेमकं कुठं?" एकानं खवल्यांचा भाव विचारला.

वाघ आला तर हा गोळा खवले मांजराला वाचवतो. माणूस तोच गोळा उचलून पोत्यात टाकतो.

वन विभागाला कळवलंय. त्यांची माणसं येईपर्यंत तात्या काठी घेऊन बांधावर बसलेत.

मी फोटो डिलीट केला. तुमच्यापैकी किती जणांनी तो त्याआधीच पुढं पाठवला?