उलटी ढाल

हजार गोष्टी मी रंगवून सांगितल्या, ही एक गिळून बसलो. बायकोलासुद्धा ठाऊक नाही. जरा जवळ सरका — मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

धरणगावात पहिला एसटीडी बूथ आला, त्या वर्षी भर उन्हाळ्यात एक जर्मन म्हातारी आली. तिकडच्या एका छोट्या राजघराण्यातली शेवटची. राज्य पहिल्या महायुद्धानंतरच गेलेलं. उरली होती ती आणि बोटातली अंगठी, घराण्याची ढाल कोरलेली. तिचा थोरला भाऊ बापाशी भांडून घराबाहेर पडला, कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला इकडे आला आणि इथेच तापाने गेला. बापाने वंशावळीतून त्याचं नाव खोडलं. म्हातारीला ते पुन्हा लिहायचं होतं.

इंग्रजीचा मास्तर म्हणून तिला माझ्या हवाली केलं. आणि मी — काय सांगू, काय रंगलो! मला ठाऊक होतं ते जिनिंगमागचं त्याचं थडगं, बस्. बाकी सगळं माझं. पांढरा घोडा, सातपुड्यातला वाघ, लग्न न केलेला राजपुत्र, शेवटच्या श्वासाला बहिणीचं नाव! ती डोळे पुसत सगळं वहीत उतरवून घ्यायची.

तिसऱ्या दुपारी जिनिंगमधले जुने फिटर, नाना, यांनी मला बाजूला ओढलं. "काय फेकी ऱ्हायनात, मास्तर? त्या जर्मन साहेबनी पोर शे ना! वाडीवरनी अक्का, कापूस येचस ती. तिना डोया दख्यात का कधी?"

बाजारात पाहिले होते. राखाडी. म्हातारीचे होते — अगदी तसेच.

त्याच संध्याकाळी म्हातारीने विचारलं, त्याला मूलबाळ? त्यांच्यात रीत आहे म्हणे : घराण्यातलं शेवटचं माणूस गेलं की शवपेटीवर ढाल उलटी ठेवतात. वंश संपला. ती म्हणाली, "त्याची एखादी मुलगी जरी असती, तरी मी ढाल उलटी करू दिली नसती."

किती सोपं होतं, नाही? वाडी दोन मैलांवर. पण मग माझ्या राजपुत्राचं काय? वहीतल्या वाघाचं काय? खोटारडा ठरलो असतो — मी, साऱ्या गावासमोर!

"कोणी नाही," मी म्हणालो.

दोन वर्षांनी तिच्या वकिलाचं पाकीट आलं. आत एकच फोटो. काळी पेटी, वर ढाल. खालचं टोक आभाळाकडे.

आणि पुढच्याच आखाजीला अक्का माझ्या दारात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, बाहेरच्या कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. ती म्हणाली, "मना बाप इंग्रजी बोले. गावमा तुम्हीच बोलतस. पितर म्हनीसन तुम्हीच या."

गेलो. तेव्हापासून दरवर्षी जातो. यंदाही गेलो. पुरणपोळी, आमरस, वर तुपाची धार. वाढता वाढता ती दरवर्षी तेच विचारते — "बापना गोतमा कोनी शे का व्हयी हो, मास्तर?" ते डोळे माझ्यावर. माझ्या तोंडात घास.

मी मान हलवतो. नाही.

मग ती पदर सावरून वाकते आणि पाया पडते — बापाच्या.