जम्परवर सही कोण करणार?

“सर, जम्पर लावते मी. पण कामाच्या स्लिपवर लिहिणार, ‘सरांच्या सांगण्यावरून’. खाली तुम्ही सही करा.”

वैशालीने पेन पुढे केलं. आम्ही मुलुंड पूर्वेला एका सातमजली सोसायटीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये उभे होतो. रविवार, दुपारचे दोन. भांडुपला घरी मी सुरमई तळायला घेतली होती, ती बायकोच्या हवाली करून आलो होतो. डोकं आधीच तापलेलं.

“अगं, सकाळी फोनवर सांगितलं ना तुला, लाव म्हणून?”

“म्हणूनच तर बोलावलं तुम्हाला. फोनवर कोणीही काहीही सांगतं, सर.”

लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही सुपरवायझर म्हणून. वैशाली माझी टेक्निशियन. आयटीआय करून आलेली, आठ वर्षांचा अनुभव. हात साफ आणि तोंड त्याहून साफ. तिच्याशी वाद घालायचा तर पोटभर जेवून यावं लागतं, आणि मी उपाशी होतो.

आता जम्पर म्हणजे काय ते सांगतो. जुन्या लिफ्टला प्रत्येक मजल्यावर जाळीचा दरवाजा असतो, त्याला लॉक असतं. सगळे दरवाजे नीट लागले की पॅनेलला सिग्नल मिळतो आणि मगच लिफ्ट हलते. एक जरी दरवाजा उघडा असेल तर लिफ्ट जागची हलत नाही. जम्पर म्हणजे वीतभर वायर, दोन्ही टोकांना क्लिप. ती पॅनेलमध्ये लावली की पॅनेलला वाटतं, सगळे दरवाजे बंद आहेत. कुठल्या मजल्याचं लॉक गेलंय ते शोधायला आम्ही ती पाच-दहा मिनिटं लावतो आणि काढतो. ती लावून ठेवायची नसते. लावून ठेवली तर दरवाजा सताड उघडा असला तरी लिफ्ट खुशाल धावते.

इथे चौथ्या मजल्याचं लॉक झिजून गेलं होतं, म्हणून लिफ्ट जागची हलत नव्हती. लिफ्ट खाली असताना वर चौथ्यावर कोणीही दरवाजा ओढावा आणि समोर सरळ खड्डा. नवीन लॉक आमच्या कुर्ल्याच्या स्टोअरमध्ये, आणि स्टोअर रविवारी बंद. म्हणजे काम उद्या.

पण लग्न आज होतं. सातव्या मजल्यावरच्या सावंत काकूंच्या नातीचं. घाटकोपरला हॉल, गोरज मुहूर्त. काकू ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दिवसभर हॉलवर बसणं झेपणार नाही म्हणून फक्त मुहूर्ताला यायचं ठरलेलं. त्यांना न्यायला त्यांचा मुलगा दिलीप हॉलवरून परत आला होता. नातीला आईविना काकूंनीच वाढवलेलं. आजी आल्याशिवाय अंतरपाट धरू नका, असं तिने भटजींनाच बजावलं होतं म्हणे.

हे सगळं सकाळी फोनवर ऐकून मी विरघळलो आणि म्हणालो, “लाव जम्पर, संध्याकाळपुरता.” वाक्य किती सोपं. तोंडात बडीशेप टाकावी तसं बोलून गेलो.

आता ते लिहायचं होतं. पेन हातात घेतलं आणि हात चालेना. सव्वीस वर्षं माझी माणसं मला सांगत आली, “काय करणार साहेब, वरून ऑर्डर होती.” मी पण माझ्या साहेबांना तेच सांगत आलो. आज वर पाहिलं तर मशीन रूमचं छप्पर. ऑर्डर देणारा मीच. खरं सांगतो, घाबरलो.

तेवढ्यात सेक्रेटरी शिर्के धापा टाकत गच्चीवर आले. सात मजले चढून आल्यामुळे त्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

“अहो, काय चाललंय काय? एक वायर लावायला दोन-दोन माणसं? चौथ्यावर मी वॉचमन उभा करतो. बस?”

मला तो मार्ग पटलाच. वॉचमन असेल तर काय बिघडतंय? पण वैशाली म्हणाली, “साहेब, या पॅनेलमध्ये जम्पर एका मजल्यापुरता लागत नाही. सातही मजल्यांचं लॉक गेल्यासारखं होतं. सात वॉचमन आहेत का?”

“अहो मॅडम, दोन तासांचा प्रश्न आहे. आम्ही जबाबदारी घेतो.”

“झकास!” तिने स्लिप त्यांच्यापुढे धरली. “मग लिहा. तुमचं नाव, फ्लॅट नंबर, ‘जबाबदारी माझी’.”

शिर्के पेनाकडे असे बघायला लागले की जणू तिने हातात पाल दिली. “तसं... म्हणजे कमिटीला विचारावं लागेल. अध्यक्ष नाशिकला गेलेत.”

मला हसू आलं, पण कुठल्या तोंडाने हसणार? माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक होता?

आम्ही तिघं खाली सातव्या मजल्यावर गेलो. काकू नटून बसल्या होत्या. मोतिया रंगाची पैठणी, मोगऱ्याचा गजरा, पायात नवीन सपाता. दिलीप घड्याळाकडे बघत येरझारा घालत होता. वैशालीने काकूंना आहे ते सगळं सांगितलं, न लपवता. जम्पर काय, धोका काय, आणि सही करायला कोणी तयार नाही हेसुद्धा.

काकूंनी शिर्केंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “इतके बाप्ये आणि एक सही होत नाय? हाड गो चेडवा ता पेन. खय सही करूची? जीव माझो, सही माझी!”

पेन आण म्हणून त्यांनी वैशालीपुढे हात केला. एवढ्या सगळ्यांत सही करायला निघालेल्या त्या एकट्या. मान खाली घालावीशी वाटली मला.

वैशाली त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. “आजी, तुमच्या जिवापुरतं असतं तर मी आत्ता पेन दिलं असतं. पण चौथ्यावर कोण दरवाजा ओढेल, त्याच्या जिवावर तुमची सही कशी चालेल?”

काकूंनी हात मागे घेतला. चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसत बसल्या.

आणि मग मला कळलं की ठरवायचं आहे ते मलाच, दुसऱ्या कोणाला नाही. स्लिप घेतली आणि लिहिलं, ‘लिफ्ट बंद ठेवण्याचा निर्णय माझा.’ खाली नाव, सही, वेळ. वैशालीला म्हटलं, “मेन स्विच ऑफ कर. चौथ्याच्या दरवाजाला साखळी आणि कुलूप.” ती गेली. शिर्केंनी कपाळावर हात मारला. “वाट लागली! काकूंचं काय आता?”

“काकूंना आम्ही खुर्चीतून उतरवतो,” मी म्हटलं.

“नाय!” काकू एवढ्या जोरात ओरडल्या की दिलीप दचकला. “ह्यांना याच जिन्यावरून नेलं चौघांनी. मी दारात उभी राहून बघितलंय. मला जिवंतपणी तसं नेऊ नका.”

दिलीपने मान फिरवली. लिफ्ट बंद करण्याचा निर्णय माझा, आणि भोगायचं या बाईने. मुहूर्त चुकला तर ते माझ्याच खात्यात जाणार होतं.

वैशाली परत आली. काय झालं ते दिलीपने तिला हळूच सांगितलं. ती काकूंना म्हणाली, “आजी, घरी बसून व्हिडिओ कॉलवर बघू शकता, नाहीतर खुर्चीतून जाऊ शकता. तिसरं काही माझ्याकडे नाही. कोणी जबरदस्ती करणार नाही. तुम्ही सांगाल तसं.”

काकूंनी पुन्हा चष्मा घातला आणि आम्हाला मोजलं. बोट दाखवून, एकेकाला.

“चौघांनी उचलायचं नाय. पाच जण लागतील.”

मी, दिलीप, वैशाली आणि खालून बोलावलेला वॉचमन यादवजी, झाले चार. सगळ्यांनी शिर्केंकडे पाहिलं.

“माझी पाठ...” शिर्के म्हणाले.

“पाठ लग्नानंतर दुखव,” काकू म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलाची हाताची भक्कम खुर्ची घेतली, काकूंना ओढणीने बांधलं आणि निघालो. काकू नाजूक दिसतात, पण ते पाचव्या मजल्यापर्यंतच. पुढे माझे दंड भरून आले. त्या मात्र वर बसून आम्हाला झापत होत्या. “यादव, तुझी बाजू खाली जातेय! अरे दिल्या, जिना बघ, मोबाईल काय बघतोस?” प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. कोणी पाणी दिलं, कोणी फोटो काढले, कोणी मला ऐकू जाईल असं म्हणालं, “या लिफ्टवाल्यांनी म्हातारीचे हाल केले बघा.” शिर्के सहाव्यापासून नुसतेच खुर्चीच्या पाठीला हात लावून चालले होते. दुसऱ्या मजल्यावर काकूंनी ते पकडलं आणि शेवटचे दोन मजले त्यांनाही खरं वजन घ्यावं लागलं.

गाडीत बसताना काकूंनी गजरा सारखा केला. माझ्याकडे पाहिलं नाही. मुहूर्ताला त्या पोचल्या, असं दिलीपने फोन करून सांगितलं. नात त्यांना बघून रडली, मग हसली, मग अंतरपाट धरला.

दुसऱ्या दिवशी लॉक बदललं, लिफ्ट सुरू झाली. त्या दरवाजातून कोणी पडलं नाही. जम्पर लावला असता तरी कदाचित कोणी पडलं नसतं. ते मला कधीच कळणार नाही, आणि हे पटवून घ्यायला मला जरा वेळ लागला.

आठवड्याने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सोसायटीचं पत्र. विषय : ऐन लग्नाच्या दिवशी लिफ्ट बंद ठेवून रहिवाशांची केलेली गैरसोय. खाली चौदा सह्या. रविवारी दुपारी एक मिळत नव्हती, इथे चौदा! पहिली शिर्केंची, चांगली ठसठशीत.

“कोणी बंद केली होती?” साहेबांनी विचारलं.

“मी. स्लिपवर लिहिलंय.”

साहेबांनी स्लिप मागवली, वाचली आणि पत्राला जोडून ठेवली. त्या सोसायटीने पुढच्या वर्षी दुसरी कंपनी घेतली. ते काम गेल्याचं काहीच वाटलं नाही, असं म्हणणार नाही, वाईट वाटलं.

पत्रातली आठवी सही सावंत काकूंची होती. ती बघून मी चिडलो आणि थेट फोन लावला. “काकू, तुम्हीसुद्धा?”

“लिफ्ट बंद होती ना?” काकू म्हणाल्या. “मग खरं आहे त्याला सही करू नको? पण माझ्या सहीशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, ते वाचलंस काय?”

वाचलं नव्हतं. चष्मा लावून वाचलं. ‘बंद ठेवली ते बरे केले. स्वखुशीने पाच जणांकडून उतरले.’

तेव्हापासून कोणी मला म्हणालं की, साहेब, जम्पर लावा, जबाबदारी आमची, तर मी हुज्जत घालत नाही. खिशातून पेन काढतो आणि पुढे धरतो. बहुतेक वेळा पेन तसंच परत येतं आणि लॉक त्याच दिवशी मिळतं.