मे महिन्यातला ऊस

त्यानं माझी वही हातात घेतलीच नाही. टेबलावर ठेवायला लावली आणि फूटपट्टीच्या टोकानं एकेक पान उलटत वाचली. श्रीरामपुरात त्याचा छापखाना होता, तिथून मुलांची पुस्तकं निघायची. सगळे त्याला काका म्हणायचे. मी इथं त्याला अहो-जाहो करणार नाही.

समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभी. जामखेडहून एसट्या बदलत आलेली, अंगावर धूळ. तिकडच्याच एका खेड्यात मी प्राथमिक शाळेवर बाई होते. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. पहिलंच पुस्तक होतं माझं.

पुस्तक ठकीचं. चौथीतली ठकी दिवाळीनंतर आईबापाबरोबर देवळाली प्रवरेकडे ऊसतोडीला जाते. पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, राहून धाकट्या भावाला मुळाक्षरं शिकवते. परत येते, तर शाळेच्या पटावरून तिचं नाव कमी केलेलं. मी स्वतः असल्या कोपीत चार हंगाम काढले होते. डोकं खाजवून काही सुचवावं लागलं नव्हतं.

"तुमच्यात असं कुणी लिहितं, याचंच कौतुक वाटतं," तो म्हणाला.

कौतुक! फूटपट्टी अजून हातातच होती.

मग त्यानं सुधारणा सांगितल्या, मला उभ्यानं लिहून घ्यायला लावल्या. ठकी नको, शोभा करा. कोपी नको, तंबू. शोभानं शाळा सोडायची नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या मळ्यावर ऊसतोडीची गंमत बघायला जायचं. शेवटी सगळ्यांनी रस प्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि मुखपृष्ठावर माझं आडनाव नको.

"ते आडनाव बघून आया पुस्तक खाली ठेवतात. नुसतं 'एक ताई' छापू."

मी एवढंच म्हटलं, "मे महिन्यात कारखाने बंद असतात. तोड कुठली?"

"अहो, मला काय ठाऊक नाही? पण मुलांना काय कळतं?"

आणि मी काय केलं? घरी येऊन मुकाट्यानं नव्या वहीत सगळं बदलून लिहिलं. पुस्तक निघेल या हावेपोटी. माझ्या नावाचं तर नाहीच, तरी.

जूनमध्ये शाळा भरली. माझी एक रीत होती. कुठलीही गोष्ट आधी चौथीच्या वर्गाला वाचून दाखवायची. पोरं चुळबुळली की तेवढा भाग काढून टाकायचा. शोभाची गोष्ट वाचली. पोरं चुळबुळली नाहीत. हसायला लागली. पुढच्या रांगेतली एक पोर उभी राहिली. सहा महिने ऊसतोडीच्या टोळीबरोबर राहून हंगाम संपल्यावर परतलेली, हातांवर पाचटाच्या ओरखड्यांचे वण.

"बाई, मे महिन्यात कोन ऊस तोडतंय? ही गोष्ट लबाड हाय."

मी वही मिटली.

"तुमाला तर म्हाईत हाय की. तुमी बी जात व्हता ना तोडायला?"

त्या माणसापुढं मान खाली घातली, तेव्हा एवढी शरम वाटली नव्हती. त्यानं मला हलकं लेखलं. मी मात्र माझ्याच पोरींना बिनडोक समजून बसले होते, त्याच्या सांगण्यावरून.

पुढच्याच आठवड्यात रजा टाकून श्रीरामपूर गाठलं. या वेळी खुर्ची ओढली आणि बसले. तो माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत राहिला. मी जुनी वही पुढं ठेवली.

"ठकी, कोपी, पटावरून कमी झालेलं नाव. आणि माझं आडनाव. असं छापणार?"

तो हसला. "अशानं कुणी छापत नसतं, बाई."

"मुलांना काय कळतं म्हणणाऱ्यानं रसाचं गुऱ्हाळ टाकावं. पुस्तकं काढू नयेत," मी म्हणाले आणि वही उचलून निघाले.

पुढं नगरच्या प्रकाशकांनीही नाही म्हटलं, पुण्याच्याही. शब्द गोड वापरले, एवढाच फरक. मला त्याचं दुःख नाही. त्यांच्या गुळगुळीत पुस्तकांची मला किळस येते. त्यातल्या एकाही पोराला कधी भूक लागत नाही.

ठकी अजून वहीतच आहे. दर जूनला मी ती वर्गात वाचते. ज्या दिवशी छापली जाईल, त्या दिवशी मुखपृष्ठावर माझं आडनाव तिच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात असेल. तोवर एकही शब्द बदलणार नाही.