टिंब आमचं, स्वल्पविराम तुमचा

आमच्या इंद्रलोक बिल्डिंगमध्ये सगळे सांगतात की अनसूयाकाकूंनी एका ऱ्हस्व ‘इ’वरून नवऱ्याला घराबाहेर काढलं.

खोटं आहे. दाजीकाका दर शनिवारी आपल्या पायाने बाहेर पडतात, डोंगरीला बहिणीकडे जातात. जाताना दारावर चिठ्ठी लावतात: ‘जेवायला येइन.’ काकू ‘येइन’चं ‘येईन’ करून ती परत लावतात. लोकांनी फक्त लाल पेन पाहिलं.

काकूंनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे मोठ्याने वाचून तपासले, विरामचिन्हांसकट. सवय सुटलेली नाही. “बस, स्वल्पविराम, चहा घे, स्वल्पविराम, साखर संपलीय, पूर्णविराम.” मी हे गच्चीवर करून दाखवते तेव्हा हसू खाली पाचव्या मजल्यापर्यंत जातं. काकूसुद्धा हसल्या होत्या. एकदा.

जूनमध्ये दाजीकाकांची भाची चांदणी डोंगरीहून आली, डोळे लाल करून. तिचा मुलगा हृतिक पनवेलला मामाकडे शिकायला जाणार, म्हणून तिने शाळेत अर्ज दिला होता. शाळेने त्याच्याबरोबर सातवीतल्या पिंकीचाही दाखला हातात ठेवला. नाव कमी.

“मामी, पोरगा एकच चाललाय. पोरीनं काय केलं? दप्तर लावून दारात बसली हाय, जेवत न्हाय.”

काकूंनी अर्जाची प्रत पाहिली. झेरॉक्सवाल्या बंटीने टाइप केलेली: ‘माझ्या मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.’

“‘मुलाचा’ हवं. टिंब दिलं आणि पोरगी गेली.”

मग पिंकीचा दाखला पाहिला. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘वर्तणूक चांगली नाही तक्रार.’

“‘चांगली’नंतरचा स्वल्पविराम कुठेय? हे असं वाचलं तर पोरगी वाईट वागते आणि वर तक्रारही आहे.”

मी शाळेच्या क्लार्कचा नाकातला आवाज काढला. “मोठे सर रजेवर, सोमवारी या.” मग माझ्या आवाजात, “काकू, चार फेऱ्या नक्की. लावता पैज?”

“लावली, स्वल्पविराम, पहिल्या फेरीत काम झालं तर महिनाभर माझी नक्कल बंद, पूर्णविराम.”

त्यांनी पत्र लिहिलं: ‘आमच्या अर्जात एक अनुस्वार जास्त पडला, आपल्या दाखल्यात एक स्वल्पविराम कमी. दोन्ही चुका सुधारून कु. पिंकीला वर्गात बसू द्यावे, ही विनंती.’

दुसऱ्या दिवशी चांदणी आणि पिंकीबरोबर मीही गेले, जिंकायला. क्लार्क म्हणाला, “मोठे सर रजे...” आणि पत्र वाचून थांबला. स्वतःचा शेरा त्याने मोठ्याने वाचला. मग परत, हळू. मग दाखला टेबलाच्या खणात गेला आणि पिंकी तिसऱ्या तासाला वर्गात.

आज अकरावा दिवस. गच्चीवर पोरं म्हणतात, “काकूंचं कर ना!”

“नाही,” मी म्हणते.

“पूर्णविराम?” काकू खालच्या खिडकीतून विचारतात.

मी कठड्यावरून वाकून नुसती मान डोलावते.