बाभळीभोवतीचं कडं

काचेची बशी उजेडाकडे धरून ताई ओरडली, "मावशी, पाहा तं! केवढं कडं आलं!"

दात किडवणाऱ्या जंतूंचा पांढुरका थर बशीभर वाढला होता. फक्त बाभळीच्या सालीचा अर्क भरलेल्या छिद्राभोवती नाण्याएवढी जागा लख्ख. तिथे जंतू वाढलेच नव्हते. ताईचं दोन वर्षांचं संशोधन या कड्यावर अडलं होतं. साल तिने वडनेरला घरच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून आणलेली. तिचे वडील अजून त्याच झाडाची काडी चावून दात घासतात.

मी हसले, पण नजर अर्काच्या बाटलीकडे गेली.

मी सांगलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याला सिंदीच्या कापूस जिनिंगमध्ये काम लागलं म्हणून इकडे आले. इथल्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला दहावी पास बाई हवी होती. तरी प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "हात स्वच्छ आहेत ना? मग या." तो शब्द राखायचा म्हणून मी जीव तोडून घासायची. जंतूंची तर धास्तीच. अर्काची बाटली मी घरच्या मोरीसारखी शेवटी फिनेलच्या पाण्याने विसळली होती. तुलनेसाठी बशीत नुसत्या पाण्याचंही एक छिद्र होतं; त्या पाण्याची बाटली ताईने स्वतः धुतलेली, म्हणून त्याभोवती कडं नव्हतं. म्हणजे शंका येणार कुणाला?

मॅडम फोटो घ्यायला येतच होत्या. गप्प राहिले असते तर नोकरी राहिली असती.

"ताई, बाटलीत फिनेल होतं."

तिने बशी खाली ठेवली. "काऊन जी मावशी? किड्यायले भ्याल्या अन् मलेच मारलं!"

मॅडमनी सगळं ऐकलं, बशी बाद केली. म्हणाल्या, "पुन्हा लावा. बाटली यांनाच धुऊ द्या."

मला वाटलं होतं, घरी पाठवतील. मी बाटली धुवायला घेतली. डिस्टिल्ड पाण्याने किती वेळा विसळली, आठवत नाही. प्रत्येक वेळी वास घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी ताईने उबवणपेटी उघडली. मी दारातच थांबले. पट्टी दोनदा लावून तिने मापलं.

"लहान हाय. बटणाएवढं. पण बाभळीचंच हाय, मावशी."

मी दारातून आत आले.

वहीत आकडा लिहिता लिहिता ती म्हणाली, "बाबा तुमच्यासाठी काड्या धाडून राह्यले. तेवढं फिनेलात बुडवू नोका."