इनायतभाईंचा आखूड टॅग

अमरावतीच्या कॉलेजात प्रियदर्शनी तायडे वेबपेज लिहायला शिकवतात. पहिल्याच तासाला त्या बजावतात, जो टॅग, म्हणजे जी खूण, उघडाल तो बंद करा. मुलं म्हणतात, "मॅडम, नाही केला तरी ब्राउझर चालवून घेतो की." मॅडम म्हणतात, "चालवून घेणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं." हे वाक्य त्या कित्येक वर्षं म्हणत आल्या आहेत. पहिल्यांदा त्या ते अकोल्यात बोलल्या होत्या, इनायतुल्ला नावाच्या माणसाला.

तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. तिवस्याच्या पोस्टमनची मुलगी, घरात बी.एस्सी. झालेली पहिलीच. अकोल्यात मामाकडे राहून नोकरी शोधत होत्या. ताजनापेठेत इनायतभाईंचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. चाळिशीचा माणूस. आधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडल्यावर पुस्तकं उघडून एकट्यानेच कॉम्प्युटर शिकला. इंग्रजी बोलता यायचं नाही, पण कोडमधली चूक त्याला वासावरून सापडायची.

दोघांनी मिळून वऱ्हाडातल्या एसटी गाड्यांच्या वेळांची साइट काढली. इनायतभाई डेपोडेपोंत जाऊन वहीत वेळा उतरवून आणायचे आणि प्रियदर्शनी पानं बांधायची. पानाचा सांगाडा खुणांच्या भाषेत असायचा: इथे मथळा, इथे तक्ता. त्याच्या पोटात पीएचपी नावाची दुसरी भाषा, आजची तारीख घाल, परतवाड्याच्या गाड्या दाखव, असे हुकूम सोडणारी. हुकूम कुठे सुरू होतो ते कळायला एक खूण लागते. इनायतभाई नुसतं <? एवढंच लिहायचे. प्रियदर्शनीला त्यापुढे भाषेचं पूर्ण नाव हवं असायचं.

"काहून वो बाई, चार अक्षरं जास्त टायपाले लावतं?" इनायतभाई म्हणायचे. "मशीनले समजून राह्यलं ना?"

"तुमच्या मशीनले समजते. पण खुणांचे नियम ठरलेले हायेत, भाई. या खुणेपुढं नाव सांगावं लागते. उद्या दुसरं कोणी तीच खूण वापरली त मशीन काय करन?"

"भाषा मोठी का नियम मोठा?"

"पानात राह्याचं असन त पानाचा नियम मोठा."

अशी हुज्जत चहा थंड होईपर्यंत चालायची. इनायतभाईंची छोटी मुलगी महेजबीन शाळेतून आली की दप्तर टाकून ऐकत बसायची. दोघांपैकी कुणी रागवायचं नाही, आणि कुणी ऐकायचंही नाही.

साइट लोकांना दाखवायचा दिवस ठरला. गावातले शिक्षक, दुकानदार, दोन पत्रकार, अशी तीसेक माणसं जमली. त्याच सकाळी प्रियदर्शनीने एक काम केलं होतं. ही पानं एक्सएमएलच्या, म्हणजे खुणांच्या जास्त काटेकोर भाषेच्या, नियमाने लिहिली आहेत, अशी एक ओळ तिने प्रत्येक पानाच्या माथ्यावर घातली. नियमाप्रमाणे ती तिथेच हवी होती. मामाच्या घरच्या मशीनला पूर्ण नावाचीच खूण कळायची, तिथे तिची पानं नीट चालली, म्हणून तिने इनायतभाईंना विचारलं नाही. पण त्या ओळीची सुरुवातही <? अशीच होते. दुकानातलं मशीन इनायतभाईंची आखूड खूण मानणारं. त्याला वाटलं हुकूमच आला. त्याने तो वाचायचा प्रयत्न केला आणि चूक झाल्याची एक ओळ पडद्यावर टाकून थांबलं. गाड्या नाहीत, वेळा नाहीत, पांढरं पान.

इनायतभाईंनी फाइल उघडली, ओळ पाहिली आणि तीस माणसांदेखत म्हणाले, "हे पाहा, शिकलेल्या लोकायचं काम!"

माणसं हसली. प्रियदर्शनीने आपली पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली नाही. महिन्याभरात अमरावतीला नोकरी लागली आणि अकोला सुटलं ते सुटलंच. चूक आपलीही होती, हे तिला ठाऊक होतं. पण ज्या शिकण्यासाठी बाप तिवस्याच्या उन्हात सायकल मारत राहिला, त्यावर लोक हसले होते. ते काही केल्या जाईना.

यंदा दिवाळीनंतर महेजबीनचा फोन आला. ती आता अकोल्यातच औषधांचं दुकान चालवते. "आंटी, अब्बूची साइट नव्या सर्वरवर नेली, त पानावर नुसता कोड दिसून राह्यला. त्यायच्या डोळ्यायचं ऑपरेशन झालं. तुमाले फोन करू नको म्हणत होते, म्हणूनच केला."

रविवारी प्रियदर्शनी अकोल्याला गेल्या. इनायतभाई काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. दाढी पांढरी झालेली. नवा सर्वर आखूड खूण ओळखतच नव्हता. इनायतभाईंच्या आखूड खुणेच्या तीनशे बारा फायली. प्रियदर्शनी एकेक उघडून खुणेपुढे पूर्ण नाव घालत गेल्या आणि वाचता वाचता हात मंदावला. परतवाड्याची पहाटेची गाडी, तिवस्याला थांबणारी दुपारची. यातल्या कितीतरी आता धावतही नाहीत.

"तू बरोबर होती," इनायतभाई म्हणाले. "नियम मोठा."

"नाही भाई. ज्या नियमासाठी मी भांडली, तो लोकायनं कवाच सोडला. नवं पान टॅग बंद नाही केला तरी चालते. अन् तुमची एक आखूड खूण, नुसतं छापून दाखवाची, पुढं = चिन्ह लावलेली, ते भाषेनं कायमची ठेवून घेतली."

"म्हंजे दोघंबी हारलो?"

"दोघंबी थोडे थोडे जिंकलो म्हणा."

इनायतभाई हसले आणि चष्मा सारखा केला. "त्या दिवशी मी तुले लोकायसमोर बोललो. मशीन बंद पडलं त मीच घाबरलो होतो. तसं बोलाले नव्हतं पाह्यजे."

"मीही विचारून ओळ टाकायला हवी होती," प्रियदर्शनी म्हणाल्या. घाईत वऱ्हाडी सुटून वर्गातली भाषा तोंडात आली.

"पाह्य बरं, मास्तरीण झाली!" इनायतभाई म्हणाले, आणि आत बसलेली महेजबीन खळखळून हसली.

संध्याकाळपर्यंत पानं सुरू झाली. बंद पडलेल्या गाड्या काढून टाकाव्यात असं प्रियदर्शनींचं मत. इनायतभाई म्हणतात, राहू द्या, कोणाच्या तरी गावची असन. त्यावरून आता दर रविवारी फोनवर वाद चालतो.